एक टप्पा की दोन

केदू, तुझ्या तेराव्याला मी पोटभर जेवलो. वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा बुंदी आणली, तेव्हाही नाही म्हटलं नाही. तुझ्या चुलतभावाच्या ते लक्षात आलं असावं. तो शेजारच्याला हळूच म्हणाला, "हा म्हणं त्याचा जिगरी दोस्त." डोळ्यांनी दिसत नाही अशा माणसासमोर लोक कुजबुजतात, आणि आपण अगदी गुपचूप बोललो असं त्यांना वाटतं. मला सगळं ऐकू आलं. त्याला सांगणार तरी काय? तू गेल्याचं दुःख आहे, आणि तरी मला रोज शांत झोप लागतेय, असं? हे ऐकून ज्याला वाईट वाटलं नसतं असा एकच माणूस होता, आणि त्याचंच तेरावं चाललं होतं.

म्हणून तुलाच सांगतो. मला सुटल्यासारखं वाटतंय. तू गेलास म्हणून नाही रे बाबा, तू जायच्या आधी मी ते बोलून टाकलं म्हणून. मंगळवारी दुपारी जेवून तू ओट्यावर बसलास, मंगलवहिनींकडे पाणी मागितलंस, आणि त्या तांब्या घेऊन येईपर्यंत संपलास. वहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी आलं, 'बरं झालं, सांगितलं होतं.' रडू नंतर आलं. क्रम हाच होता, आता खोटं कशाला बोलू? खोटं बोलल्यावर काय होतं ते आपण दोघांनी अकरा वर्षं भोगलंय.

हे आपल्या अंधांच्या संस्थेच्या अंकासाठी लिहितोय. अंक अनोळखी लोकही वाचतात, तेव्हा थोडं त्यांच्यासाठी सांगतो. तू कंटाळशील, पण ऐक. अंधांच्या क्रिकेटमध्ये बॉल कडक प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असतात, आणि तो खुळखुळतो. बोलर तो हात खाली ठेवून, जमिनीलगत सोडतो. संघात काहीजण पूर्ण अंध असतात, तुझ्यासारखे, आणि काहींना थोडंफार दिसतं. मी त्यातला होतो. आणि गल्लीत जसं वन टप्पा आऊट असतं, तसं आपल्यात पूर्ण अंध फिल्डरसाठी असतं. त्याने एक टप्पा पडलेला बॉल पकडला तरी बॅट्समन बाद. दोन टप्पे पडले की नाही.

पूर्ण अंध खेळाडूची एक धाव दोन धरतात, हाही एक नियम. त्यावरून आपण किती भांडलो असू! मी म्हणायचो, "हे रेशनकार्डावरचं क्रिकेट आहे." तू म्हणायचास, "सत्या, एकदा डोळं बांधून खेळ, मंग बोल." एकदा खरंच बांधून खेळलो, तर तिसरा बॉल नडगीवर बसला आणि तू पोट धरून हसलास. तरी मी माझं म्हणणं सोडलं नाही. ते भांडण राहिलंच आपलं. नियम बरोबर होता, केदू. हे मात्र मी तुला सांगितलं नाही.

मला तेव्हा उजव्या डोळ्याने दिसायचं. सावलीत बरं, ढगाळ दिवशी उत्तम, आणि कडक उन्हात जवळजवळ काहीच नाही. यातलं शेवटचं मी कुणाला सांगत नसे. कारण आपल्या टोळीत ज्याला थोडं दिसतं त्याला सगळंच दिसतं असं धरून चालतात. सत्या, बसवर काय लिहिलंय? सत्या, ही नोट कसली? सत्या, समोर खड्डा आहे का? मी सगळ्यांची उत्तरं द्यायचो. घरी मला कुणी साधं दिवा लावायचंही काम सांगत नव्हतं, आणि इथे दहा माणसं माझ्या कोपराला धरून चालायची. ते मला फार आवडायचं. कळत नसेल तिथे मी ठोकून द्यायचो.

मुलगी बघायलाही तू मलाच घेऊन गेलास. दिंडोरीच्या पलीकडे त्यांचं घर, दारातून ऊन थेट माझ्या तोंडावर. मुलगी आली, चहा ठेवला, दोन शब्द बोलली, गेली. मला तिच्या साडीचा रंगसुद्धा कळला नाही. परत येताना एसटीत तू विचारलंस, "कशी हाय रं?" मी म्हटलं, "छान आहे, नाकीडोळी नीटस." तू म्हणालास, "आवाज चांगला हाय. घाई नाय त्या आवाजात. मला पटली." मंगलवहिनींना पसंत केलंस ते तुझ्या कानांनी, माझ्या डोळ्यांनी नाही. हे त्या दिवशीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता तो झेल. आंतरराज्य स्पर्धेचा अंतिम सामना, नाशिकलाच होता, आपल्याच मैदानावर. शेवटची ओव्हर, त्यांचा चांगला जमलेला बॅट्समन. तू मिडविकेटला होतास आणि मी तुझ्यापासून चार पावलांवर, नेहमीसारखा, तुला दिशा सांगायला. ऊन कलतं होतं आणि बरोबर माझ्या डोळ्यात. त्याने बॅट फिरवली, बॉल उंच गेला. आपल्या खेळात प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं, पण अंतिम सामना होता, लोक ओरडलेच. मला दिसला तो नुसता पांढरा उजेड. मी "समोर, समोर!" एवढंच ओरडलो, तेही अंदाजाने. मग तू पुढे झेपावून पालथा पडल्याचा आवाज आला, आणि तुझ्या छातीखाली बॉल खुळखुळत होता.

पंचांच्या आड आपला बोलर आणि त्यांचा रनर आले होते. पंच पळत आपल्याकडे आले. तू मातीतून उठत होतास. ते तुझ्याजवळून पुढे आले आणि मला विचारलं, "तुम्ही जवळ होतात. किती टप्पे?"

मी म्हटलं, "एक, सर."

लगेच म्हटलं. नोट कसली ते सांगायचो तसंच. त्यांनी आऊट दिलं, आपण जिंकलो, आणि सगळे तुझ्या अंगावर पडले. त्या ढिगाऱ्याखालून तू ओरडून विचारत होतास, "एक ना रं, सत्या? एकच ना?" मी म्हटलं, "एकच रे."

त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम अंध क्रिकेटपटूचा पुरस्कार तुला मिळाला. मानपत्रात त्या झेलाचं वर्णन होतं. दिल्लीला आपण दोघं गेलो. स्टेजवर तुला कोपर धरून मीच नेलं आणि फोटोपुरता बाजूला झालो. गावात तुझी ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. तू कलेक्टर कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतास, तिथे तुझा सत्कार. शाळांमध्ये सत्कार, द्राक्षवाल्यांच्या मेळाव्यात सत्कार. प्रत्येक ठिकाणी तू एकच वाक्य बोलायचास, "सत्यानं बघितलं म्हणून झेल झाला." लोक टाळ्या वाजवायचे आणि मी मान हलवायचो. पहिले काही महिने मला अभिमान वाटला. मग कंटाळा आला. मग जळायला लागलो. त्या वर्षी माझ्या धावा तुझ्यापेक्षा जास्त होत्या, तुझ्या दुप्पट धरूनही. हे मी माझ्या बायकोला इतक्यांदा ऐकवलं की ती शेवटी म्हणाली, "अहो, मला नका सांगू, त्यांना सांगा पुरस्कारवाल्यांना."

पुढच्या वर्षी तुला निवड समितीवर घेतलं, आणि राज्याच्या संघात माझं नाव आलं नाही. सातपूरच्या आपल्या नेहमीच्या मिसळीच्या दुकानात मी तुला गाठलं.

"माझं नाव कुणी कापलं?"

"मी," तू म्हणालास. "तुझ्या बाजूनं बॉल लय जात्यात, सत्या. मला ऐकू येतं. खोटं कसं बोलू?"

तू खरं बोलत होतास. उन्हातल्या मॅचला माझ्या बाजूने बॉल जायचेच. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, केदू, मला उन्हात दिसत नाही. तोंडापर्यंत आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मग माझंही खरं ऐक. त्या झेलाला दोन टप्पे पडले होते. मी पंचाला एक सांगितला म्हणून तू आज देशाचा हिरो."

तुझा चमचा ताटलीवर टेकल्याचा आवाज आला. "खरं?"

"डोळ्यांनी पाहिलंय."

 पाव तसाच ठेवलास, काठी उघडलीस आणि माझ्या कोपराला हात न लावता एकटा स्टँडकडे गेलास. मी बसून माझी मिसळ संपवली. ती चव मला अजून आठवते, आणि आठवली की स्वतःला दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

पुढचं मला वहिनींकडून कळलं. घरी जाऊन तू पुरस्काराची ढाल कपाटावरून काढायला लावलीस. वहिनींकडून पत्र लिहून घेतलंस की झेल दोन टप्प्यांचा होता, पुरस्कार परत घ्या. उत्तर आलं, पंचांचा निर्णय अंतिम असतो, पुरस्कार परत घेण्याची पद्धत नाही. मग ती ढाल जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत गेली. सत्काराचं बोलावणं आलं की तब्येतीचं कारण सांगायचास. माझं नाव मात्र कुठे घेतलं नाहीस. पत्रातही नाही. त्यात लिहिलं होतंस, "मला उशिरा कळले."

दोन वर्षं आपण बोललो नाही. तरी स्थानिक सामन्यांत एकाच संघातून खेळायचो, तू तुझ्या जागी आणि मी चार पावलांवर. त्या दोन वर्षांत तू एकही झेल घेतला नाहीस. बॉल उडाला की थांबायचास, पडू द्यायचास, खुळखुळ थांबली की उचलून फेकायचास. लोक म्हणाले, केदूचं वय झालं. मला कारण माहीत होतं आणि मी चार पावलांवरून "डावीकडे, डावीकडे" ओरडत राहिलो. मग तू खेळणंच सोडलंस.

नंतर बोलणं सुरू झालं. तुझ्या भावाच्या लग्नात मी आलो, माझ्या आईच्या वेळी तू आलास. फोन व्हायचे. द्राक्षाचं काय, पगाराचं काय, डायबेटिस किती. मॅच चालू असली की तू फोन करून कॉमेंटेटरच्या चुका काढायचास. सगळं बोलायचो, ते सोडून.

आणि मग माझा उजवा डोळाही गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे आश्चर्य नाही, पण महिनाभर मी घराबाहेर पडलो नाही. मग संस्थेतल्या लोकांनी ओढून मैदानावर नेलं. म्हणाले, आता पूर्ण अंधांमधून खेळा, धावा दुप्पट मिळतील. मी उभा राहिलो. आसपास गलका चालू होता. कुणीतरी बॉल उडवला, आणि केदू, मला टप्पे मोजता आले. एक. दोन. तीन. गलक्यातूनसुद्धा, स्पष्ट. इतकी वर्षं मी त्या अर्ध्या डोळ्याला ताण देत होतो आणि कानाला कधी कामच दिलं नव्हतं.

बॉल पायाशी येऊन थांबला, तरी मी तो उचलला नाही. कारण मला एकदम कळलं, की तू त्या दिवशी टप्पे ऐकले असणार.

या फेब्रुवारीत, तुमच्या द्राक्षांची काढणी चालू असताना, तुझ्या गावी यायला मी काठी घेऊन एकटा दिंडोरीच्या एसटीत बसलो. कंडक्टरने फाट्यावर उतरवलं, तुझ्या भावाने मोटरसायकलवर घेतलं. तू बागेच्या कडेला क्रेटवर बसला होतास. माझी काठी ऐकून म्हणालास, "आता तूबी आमच्यातला का रं?" मी हसलो नाही. शेजारच्या क्रेटवर बसलो आणि पाठ केलं होतं तसं घडाघडा बोललो. मला उन्हात दिसत नव्हतं. कधीच नाही. मी एकही टप्पा पाहिला नाही, दोनही नाही. पंचाला सांगितलं तेही खोटं, तुला सांगितलं तेही खोटं. पहिलं फुशारकीने, दुसरं जळून.

तू उठलास. तारांना हात लावत बागेत आत गेलास. मजूर बायका बोलायच्या थांबल्या, मग पुन्हा बोलायला लागल्या. मी तिथेच बसून राहिलो. वाटलं, आता एसटी पकडावी. पण फाट्यापर्यंत सोडणारं कुणी नव्हतं, म्हणून थांबलो. नाहीतर पळालोही असतो, मला माझी खात्री नाही.

बऱ्याच वेळाने तू आलास. पहिलं वाक्य काय बोललास?

"उन्हात दिसत नव्हतं तर सांगायचं ना. तुला सावलीच्या बाजूला उभा केला असता."

 तू पुढे म्हणालास, "आयला, आख्खी टीम आंधळी. तू लाजलास कुणाला?"

मी त्या क्रेटवर बसून लहान पोरासारखा रडलो. तू रडू दिलंस. मग गंभीर होऊन म्हणालास, "एकच व्हता. मी ऐकला व्हता. गवतात एकदा खुळखुळला आन् थेट छातीवर आला."

"मग मी दोन म्हटल्यावर तू मानलंस कसं?"

"तुला दिसतं म्हणून. माझ्या कानाला मीच खोटं पाडलं." थोडं थांबून म्हणालास, "लय वर्षं पाडलं, सत्या. ते काय बरं केलं नाय तू."

एवढंच. "माफ केलं" असं तू म्हणाला नाहीस, मीही मागितलं नाही. ते राहिलं, आणि राहू दे. पण तू घराकडे तोंड करून वहिनींना हाक मारलीस, "अगं, ती ढाल काढ पेटीतली!" वहिनींनी ती पुसून आणली. तू ती माझ्या हातात दिलीस. दिल्लीला मी ती नीट हातातही घेतली नव्हती, नुसता लांबून बघण्याचं सोंग केलं होतं. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत मी तुझं नाव शोधलं. तुला वाटलं मी वाचतोय. खरं तर मला हात तिथून काढवत नव्हता.

त्यानंतर तुझे आठ महिने फार छान गेले, असं वहिनी सांगतात. आलेल्या-गेलेल्याला ढाल दाखवायचास. गावच्या शाळेत जाऊन झेलाची गोष्ट सांगितलीस, आणि "सत्यानं बघितलं" हे वाक्य त्यात नव्हतं. दर रविवारी फोन करून विचारायचास, "ह्या हप्त्यात किती झेल घेतलं?" मी तीन म्हणालो तर तू म्हणायचास, "टप्पे सांग." आता रविवारी सकाळी फोन वाजत नाही. मी चहा घेऊन फोनजवळ बसतो आणि कप गार होतो. हे दुःख आहेच, ते मी लपवत नाही. पण केदू, ते साधं, स्वच्छ दुःख आहे. त्यात दुसरं काही मिसळलेलं नाही. आठ महिने उशीर केला असता तर मी आज काय लिहिलं असतं?

गेल्या रविवारी संस्थेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. त्या दिवशीचे पंच आले होते. आता खूप थकलेत, आवाज कापतो. ते म्हणाले, "केदूचा तो झेल मी कधी विसरणार नाही. मला नीट दिसलं नव्हतं, पण सतीशरावांनी पाहिलं होतं, त्यांच्या शब्दावर मी आऊट दिलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कुणाला सुचलं नाही.

मी उभा राहिलो.  शेजारी वहिनी होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं.

म्हटलं, "सर, मी पाहिलं नव्हतं. ऊन डोळ्यात होतं. मला उन्हात कधीच दिसत नव्हतं, आणि ते मी तुमच्यापासून, संघापासून, केदूपासून लपवलं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

 मग पंचांनी विचारलं, "मग एक टप्पा, हे कशावरून?"

"केदूने ऐकला होता."

 मला वाटलं, आता म्हणतील की हा काही पुरावा नाही. पण ते म्हणाले, "मी त्याच्या अंगावरून पुढे गेलो होतो. मी त्यालाच विचारायला हवं होतं."

नंतर हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. काय चाललंय ते मला कळेना. तेवढ्यात वहिनी माझ्या कानाशी वाकल्या. तुला आवडलेल्या त्याच आवाजात, जराही घाई न करता, त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी बोट वर केलंय."